वाकनीस सिस्टरचं रजिस्टर

कुमुदताई वाकनीस आमच्या लॅबमध्ये कधी बसल्या नाहीत. हॉस्पिटलच्या जंतू तपासणाऱ्या लॅबमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली निदान पंधरा वर्षं त्या आठवड्यातून दोनदा तरी यायच्या. पण खुर्ची पुढं केली की म्हणायच्या, "राहू द्या देवळे. तुमच्या खुर्चीवर काय काय बसून गेलंय ते तुम्हालाच मालूम नाही." हे त्या हसून म्हणत नसत. पहिल्यांदा मला रागच आला होता, कारण खुर्ची मी रोज पुसून घ्यायचो. एक दिवस चिडून मी माझ्याच खुर्चीच्या हाताचा नमुना घेतला, प्लेटवर लावला, आणि दुसऱ्या दिवशी जे उगवून आलं ते पाहिल्यावर त्यांना खुर्ची द्यायचं बंद केलं.

नमुना घेणं म्हणजे फार मोठी विद्या नाही. काडीला लावलेला कापूस ओला करून एखाद्या जागेवर फिरवायचा, याला स्वॅब म्हणतात. कापसाला जे चिकटून येईल ते काचेच्या बशीतल्या खाद्यावर पसरायचं आणि ऊब देऊन वाढू द्यायचं. वाढवायचं काम माझं. पकडून आणायचं काम कुमुदताईंचं. सगळ्या हॉस्पिटलात जंतू पसरू नयेत हे पाहणारी सिस्टर, असं त्यांचं पद होतं. पण त्यांचा जीव नर्सरीत अडकलेला असायचा. नर्सरी म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष. आमच्याकडे सगळे त्याला नर्सरीच म्हणतात. नाव ऐकून रंगीत फुगे डोळ्यांपुढं येतात, आणि आत गेलं की किलोभर वजनाची, कातडी अजून पुरती न आलेली बाळं नळ्या लावून पडलेली असतात.

इतर सिस्टर स्वॅबच्या नळीवर 'टेबल' लिहायच्या, 'नल' लिहायच्या. कुमुदताईंची चिठ्ठी अशी असायची: 'वॉर्मर तीन, उजवीकडचं बटन, जे कोपरानं दाबायचं असून सगळे बोटानं दाबतात.' वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारी बाळाची खाट. एवढं सगळं नळीवर मावायचं नाही, म्हणून त्या कागदाची लांब पट्टी चिकटवायच्या. लॅबमधली पोरं त्या पट्ट्या मोठ्यानं वाचून हसत. मीही हसलो आहे. पण बशीत काही वाईट उगवलं तर बाकीच्यांच्या 'टेबल'वरून काही शोधता येत नसे, आणि कुमुदताईंच्या पट्टीवरून सरळ त्या बटनापर्यंत जाता यायचं.

हे लिहिणं त्यांच्या रक्तातच होतं म्हणायचं. वाकनीस म्हणजे दरबारातली रोजची घडामोड लिहून ठेवणारा. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून दरबाराबरोबर ग्वाल्हेरला आले ते याच कामावर. दरबार गेला, काम गेलं, आडनाव आणि खोड तेवढी उरली. खासगी बाजारात एका बांगड्यांच्या दुकानाच्या वर त्या भावाच्या कुटुंबात राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. कुणी त्यांच्याकडे तक्रार घेऊन आलं, की सफाईवाला आला नाही, औषध संपलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "कागदावर आणा, मग बोला." हिंदीत सुद्धा तेच, "काग़ज़ पर लाओ, फिर बोलो." पाठीमागे लोक त्यांना 'काग़ज़ वाली सिस्टर' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

ग्वाल्हेरची जानेवारी ज्यानं काढली नाही त्याला पुढची गोष्ट कळणार नाही. धुकं दुपारपर्यंत उठत नाही आणि घरातली फरशी पायाला चावते. कोपराच्या खाली काही घालून नर्सरीत जायचं नाही हा नियम; कारण बाहीची कड बाळाला लागते, आणि एका बाळाला लागलेली तीच कड दुसऱ्याला लागते. कुमुदताईंनी स्वतःच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापासून कात्रीनं कापून शिवून टाकल्या होत्या. एका सकाळी विभागाचे मोठे डॉक्टर जाड स्वेटर घालून आत निघाले. कुमुदताई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, आस्तीन."

"सिस्टर, ठंड से मर जाऊँगा।"

"आप नहीं मरेंगे, सर।"

'आप'वर जोर होता. डॉक्टरांनी स्वेटर काढला. मी रिपोर्ट द्यायला तिथं गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. असं वाटायला मी त्यांचा कोण, पण वाटला.

माझ्या बायकोला मात्र त्या फारशा आवडल्या नाहीत. आमच्या दर्पण कॉलनीतल्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि माझी बायको लग्न झालेली-न झालेली असं काही न पाहता सगळ्यांना बोलावते. कुमुदताई आल्या, आल्या आल्या हात धुतले, आणि कुंकवाचा करंडा पुढं आल्यावर म्हणाल्या, "एवढ्या बायकांची बोटं याच्यात गेली, कधी धुतला होता?" त्या गेल्यावर बायको मला म्हणाली, "तुमच्या सिस्टर देवाच्या पायांचा पण स्वॅब घेतील." मी म्हटलं, घेतील, आणि चिठ्ठीवर कोणता पाय तेही लिहितील. आम्ही दोघं हसलो. एरवी त्यांच्याबद्दल हसण्यासारखं फारसं नसायचंच.

कारण त्यांचं आणखी एक काम होतं, जे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. नर्सरीत बाळ गेलं आणि त्या ड्यूटीवर असल्या, तर त्याला आयाबाईच्या हाती देत नसत. स्वतः नळ्या काढायच्या, कोमट पाण्यानं पुसायच्या, धुतलेल्या दुपट्यात गुंडाळायच्या आणि दाराबाहेर जाऊन बापाच्या हातात द्यायच्या. रडायच्या नाहीत. समजूतही घालायच्या नाहीत. बाप काही विचारील तर उत्तर द्यायला तिथं उभ्या राहायच्या, तो निघून जाईपर्यंत. एकदा मी त्यांना म्हटलं होतं, सिस्टर, हे तरी दुसऱ्या कुणाला करू द्या. त्या म्हणाल्या, "त्याच्या अंगाला सगळ्यांचे हात लागून राहिले होते देवळे. शेवटचा तरी धुतलेला असू दे."

आता रजिस्टरचं सांगतो.

पुढं जे घडलं त्याच्या तीन-चार वर्षं आधी नर्सरीत जंतूंची एक साथ येऊन गेली होती. सगळे शपथेवर सांगत होते की आम्ही हात धुतो. कुमुदताईंनी पाहिलं होतं की धुत नाहीत. भांडून उपयोग नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या स्वभावाला धरून उपाय काढला. नर्सरीच्या आतल्या बेसिनशेजारी एका स्टुलावर हिरव्या कापडी बांधणीचं एक लांबरुंद रजिस्टर ठेवलं. हात धुवायचे, कोरडे करायचे, मग नाव, वेळ आणि सही. सहीशिवाय बाळाला हात लावायचा नाही. पेन चोरीला जातात, म्हणून पेनाला गॉजची पट्टी बांधून ती स्टुलाच्या पायाला गाठ मारून ठेवली. डॉक्टर, सिस्टर, एक्सरेवाला, सगळे सही करायचे. दूध द्यायला येणाऱ्या बाळांच्या आयासुद्धा.

आणि ते रजिस्टर चाललं, हे मान्य केलं पाहिजे. सही करायची म्हणून लोक खरोखर हात धुवायला लागले. खोटी सही करायची कुणाची हिंमत नव्हती, कारण कुमुदताई येऊन बेसिन ओलं आहे की नाही ते पाहायच्या. भोपाळहून तपासणीला साहेब आले, पानं उलटत राहिले आणि म्हणाले, ऐसा तो हमने कहीं नहीं देखा. अधीक्षकांनी ते रजिस्टर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायला सुरुवात केली. कुमुदताईंच्या तोंडावर मी आयुष्यात एकदाच आनंद पाहिला, तो त्या दिवसांत.

गुड्डी त्यानंतरच्या एका हिवाळ्यात आली. हजीऱ्याकडे राहणारी, विशीतली बाई, नवरा भाजीचा ठेला लावायचा. सातव्या महिन्यात मुलगा झाला आणि वॉर्मर सहावर ठेवला. बाळाची आई हॉस्पिटलातच थांबते आणि दर तीन तासांनी दूध काढून द्यायला नर्सरीत येते. गुड्डीला लिहिता येत नव्हतं. अशा बायकांकडून अंगठा घेण्याची सोय होती, पण कुमुदताईंना अंगठ्याचा राग होता. त्यांनी गुड्डीचा हात आपल्या हातात धरून तिला तिचं नाव गिरवायला शिकवलं. मी रिपोर्ट घेऊन गेलो असताना एकदा काचेतून पाहिलं: पांढरी पट्टी बांधलेला तो पेन गुड्डीच्या बोटांत, तिच्या बोटांवर कुमुदताईंची बोटं, आणि गुड्डी शाळेतल्या पोरीसारखी जीभ दातांत धरून 'गु'चा उकार ओढत होती. पाचव्या दिवशी तिला एकटीला लिहिता आलं. ती ते अक्षर अक्षर करून, अगदी सावकाश लिहायची.

त्याच आठवड्यात माझ्या बशांवर तो जंतू दिसायला लागला. क्लेबसिएला त्याचं नाव. गुलाबी, चिकट, लाळेसारखे ठिपके. जंतूवर कोणतं औषध चालेल हे पाहायला आम्ही बशीत औषधाच्या कागदी चकत्या ठेवतो. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं, तिथं जंतू वाढत नाही. या बशीत एकाही चकतीभोवती कडं नव्हतं. साधी औषधं सोडा, शेवटची म्हणून राखून ठेवलेली महागडी औषधंसुद्धा त्या गुलाबी थरात बुडून गेली होती. अशी बशी हातात आली की आपण किती बिनकामाचे आहोत ते कळतं. मी रिपोर्ट लिहितो, डॉक्टर वाचतात, आणि देण्यासारखं काहीच नसतं.

एकामागून एक चार बाळं गेली. त्यात गुड्डीचा मुलगा तिसरा, अकराव्या दिवशी. कुमुदताईंनी त्याला पुसून, गुंडाळून बाहेर नेलं. गुड्डीच्या नवऱ्यानं बाळ हातात घेतलं नाही. तो ओरडायला लागला की तुम्ही लोकांनी घाणेरड्या हातांनी माझं पोर मारलं. शिपाई धावले. कुमुदताईंनी शिपायांना थांबवलं, बाळ गुड्डीच्या सासूकडे दिलं, आत जाऊन ते रजिस्टर आणलं आणि त्याच्यापुढं उघडलं. "देखो भैया। ग्यारह दिन। एक-एक आदमी ने हाथ धोए हैं। ये सबके दस्तख़त हैं, और ये देखो, तुम्हारी घरवाली के भी।" तो पानाकडे पाहत राहिला. बायकोचं नाव तिच्या हातानं लिहिलेलं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं असणार. मग त्यानं हात जोडले. "माफ़ करना दीदी, ग़ुस्से में निकल गया।" असं म्हणून तो बाळ घेऊन गेला.

त्यानंतर कुमुदताईंनी नर्सरीचा कोपरान् कोपरा खरवडून आणला. वॉर्मरची बटनं, व्हेंटिलेटरचे स्क्रीन, दूध ठेवायच्या फ्रिजची मूठ, डॉक्टरांचे मोबाईल. माझ्याकडे नळ्यांचे ढीग लागले. बेसिनच्या जाळीत तो जंतू सापडला, पण जाळीत काही ना काही असतंच. जाळीतून बाळापर्यंत तो कसा जातो? मधे धुतलेले हात होते. धुतलेल्या हातांवर त्यांचा विश्वास होता, कारण ते कागदावर होतं.

मग एके सकाळी त्या नर्सरीत जाऊन भिंतीपाशी उभ्या राहिल्या. नमुना नाही, चिठ्ठी नाही, कुणाशी बोलणं नाही. नुसत्या हात बघत राहिल्या. पुढं त्यांनीच मला हे सांगितलं. एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं कोपरानं नळ उघडला, शिकवल्याप्रमाणे बोटांच्या फटींपर्यंत हात धुतले, कोरडे केले. इतके सुंदर हात कुणी धुतलेले मी पाहिले नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग तिनं पेन उचलला, सही केली आणि वळून वॉर्मर दोनच्या बाळाच्या तोंडातली नळी नीट केली. तिच्यामागून सिस्टर आली. हात धुतले, तोच पेन, सही, बाळ. मग एक आई. हात, पेन, बाळ.

दुपारी त्या लॅबमध्ये आल्या. एकच नळी होती. तिच्यावर लांब पट्टी नव्हती. एकच शब्द होता, 'पेन'.

बशी तयार व्हायला एक दिवस लागतो आणि चकत्यांना आणखी एक. दोन्ही दिवस त्या आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी आल्या. मी बशी पुढं केली. पेनाचा जंतू, जाळीचा जंतू आणि गुड्डीच्या मुलाच्या रक्तातला जंतू, तिन्ही बशा शेजारी ठेवल्या तर कोणती कोणाची ते मलाही सांगता आलं नसतं. कुमुदताई बराच वेळ पाहत राहिल्या.

"देवळे, हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना समजवायला लागलो. माझं बोलणं शास्त्राला धरून होतं, आणि आजही मी त्याच्यावर ठाम आहे. पेनावर जंतू सापडला म्हणजे पेनानंच मारलं असं होत नाही. जाळीतही तोच होता, आणखी दहा जागी असेल, आम्हाला सापडला नसेल. कमी दिवसांची बाळं, त्यांना कुठूनही लागू शकतं. आणि रजिस्टर नसतं तर हात धुतलेच गेले नसते, मग किती गेली असती?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जाळीपाशी मी कुणाला सह्या करायला लावल्या नव्हत्या."

मी तिन्ही बशांवर झाकणं ठेवली.

अधीक्षकांचं म्हणणं सोपं होतं. "सिस्टर, पेन फेंक दीजिए, बात ख़त्म। लिखने की क्या ज़रूरत है?" त्यांना रजिस्टर हवं होतं. पुढच्या तपासणीत तेच तर दाखवायचं होतं. पण कुमुदताईंनी दोन पानी अहवाल लिहिला. रजिस्टरची कल्पना माझी, पेन मी बांधला, तो निर्जंतुक करण्याची सूचना मी कधी दिली नाही, असं आपल्या सहीनं लिहून आवक-जावक टेबलावर शिक्का मारून घेतला. अधीक्षक म्हणाले, बाई वेड्या झाल्या आहेत. चौकशी बसली. दोष कुणाचाच नाही असं ठरलं, आणि दोष नसलेल्या कुमुदताईंची बदली कपडे धुण्याच्या विभागात झाली, चादरी मोजायला. पेन गेला, बेसिन बदललं, दाराशी हातावर घ्यायच्या औषधाच्या बाटल्या लागल्या. जंतू कमी झाला. संपला असं मी म्हणणार नाही. पुढं काही महिन्यांनी तो एक्सरे मशीनच्या मुठीवर सापडला. पण तेव्हा ती मूठ शोधायला कुमुदताई नव्हत्या.

मे महिन्यात त्या नोकरी सोडून पुतणीकडे इंदूरला गेल्या, असं मला नंतर कळलं. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते होळी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी.

त्या दिवशी दुपारी त्या लॅबच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "देवळे, स्कूटर आहे ना? मला हजीऱ्याला सोडाल?" त्यांच्या हातात गुड्डीचा पत्ता होता, भरतीच्या कागदावरून उतरवून घेतलेला. मी विचारलं, कशाला जाता? त्या म्हणाल्या, "त्या माणसानं माझी माफी मागितली होती. ती मला परत द्यायची आहे."

मला हे पसंत नव्हतं आणि मी तसं बोललोही. पण सोडायला मी गेलो नसतो तर त्या टेम्पोनं गेल्या असत्या.

एका खोलीचं घर होतं. नवरा ठेल्यावर गेला होता. गुड्डी दारात बसून आपल्या चार वर्षांच्या मुलीचे केस विंचरत होती. कुमुदताईंना पाहून ती उठली, पाया पडायला वाकली. यांनी पाय मागे घेतले. आत खाटेवर बसायला सांगितलं तर बसल्या. मी दारातच थांबलो. गुड्डीनं मुलीला पुन्हा पुढ्यात घेतलं, एक हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि ऐकायला लागली.

कुमुदताईंनी काही आडपडदा ठेवला नाही. "गुड्डी, मैंने तेरे आदमी को रजिस्टर दिखाया था। उसमें जो लिखा था, सच था। हाथ सबने धोए थे। पर धोने के बाद सब एक ही पेन पकड़ते थे, और पकड़कर बच्चों को छूते थे। उस पेन पर वही कीड़ा निकला जो तेरे बच्चे के ख़ून में था। वो पेन मैंने बाँधा था। मैंने सोचा नहीं। मुझे सोचना चाहिए था।"

त्या शिव्या ऐकायला तयार होऊन आल्या होत्या. पाठ ताठ होती. गुड्डीनं आरडाओरडा केला असता, घराबाहेर काढलं असतं, तरी त्यांनी मान खाली घालून ते घेतलं असतं. मला वाटतं, त्यांना तेच हवं होतं.

गुड्डीनं मुलीच्या डोक्यावरचा आपला उजवा हात उचलला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"दीदी, वो पेन तो हम भी पकड़ते थे।"

कुमुदताईंची नजर तिच्या हातावर गेली.

"और लोग तो झट से लिख देते थे। सबसे ज़्यादा देर तो हम ही पकड़े रहते थे," गुड्डी म्हणाली. "फिर जाके उसके मुँह पे हाथ फेरते थे।" तिनं तो हात पदरात घेतला आणि मुलीपासून दूर धरला. मुलगी मागे वळून तिच्याकडे पाहायला लागली.

मी दारात उभा होतो. इतके दिवस आम्ही दोघांनी त्या पेनाचा विचार केला, बशा लावल्या, वाद घातला, आणि हे आमच्या कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कुमुदताईंचा चेहरा मी पाहिला. सगळं आयुष्य खरं ते लिहिण्यात गेलेली ती बाई, आपलं ओझं उतरवायला आली होती आणि ते तिनं एका आईच्या हातात नेऊन ठेवलं होतं.

"नहीं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, आस्तीन म्हणतानाचा. "तेरा पेन अलग था।"

"वो तो पट्टी से बँधा…"

"वो औरों का था। तुझे लिखना सिखाना था न, तो मैं अपनी जेब से देती थी। पोंछ के देती थी। तुझे याद नहीं है। उन दिनों तू होश में कहाँ थी?"

गुड्डी त्यांच्याकडे पाहत राहिली. ती पट्टी तिला आठवत नसेल हे शक्य नाही. मला काचेबाहेरून दिसली होती, तिच्या तर बोटांना लागत होती. कुमुदताईंनी नजर हलवली नाही.

"हाँ," गुड्डी शेवटी म्हणाली. "जेब से ही देती थीं आप।"

तिला ते खरं वाटलं, की समोरच्या म्हाताऱ्या बाईवर दया आली म्हणून तिनं मानलं, हे मी सांगू शकत नाही. पण तिनं फणी उचलली, मुलीचं डोकं पुन्हा आपल्याकडे वळवलं आणि भांग पाडायला लागली. चहा ठेवू का असं विचारलं. कुमुदताई नको म्हणाल्या.

परत येताना नया बाज़ारात गर्दीनं मला स्कूटर थांबवावी लागली, तशा उतरल्या. म्हणाल्या, इथून मी पायी जाते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "सिस्टर, बरं केलंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दर तीन तासांनी यायची ती," त्या म्हणाल्या. "दिवसातून आठ वेळा. अकरा दिवस. अठ्ठ्याऐंशी वेळा तिनं तो धरला, देवळे. पहिल्या चार दिवसांत मी तिचा हात घट्ट दाबून धरला होता."

मग त्यांनी पदर नीट केला आणि खासगी बाजाराच्या बाजूला चालायला लागल्या. समोरून एक ठेला येत होता, त्याला वाट द्यायला त्या जरा कडेला झाल्या, आणि तो गेल्यावर पुन्हा चालू लागल्या.